मेंदूतील अबोल पेशी



कॅल्शियम म्हटले की तुम्हाला हाडे, दात आणि दूध आठवते. ते योग्यच आहे. शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत व दातांतच असते. परंतु उरलेल्या अल्पशा अंशाने मेंदूविषयीच्या जुन्या समजुतींना धक्का दिला. ती हकीकत आज तुमच्यापुढे मांडतो.

मेंदूतील चेतापेशी विजेच्या सूक्ष्म स्पंदनांनी संदेश पाठवतात. त्यांच्या अवतीभवती ग्लिया पेशी असतात. जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५६ मध्ये त्यांना दिलेल्या नावाचा अर्थच मुळी 'डिंक' असा आहे. पुढे शतकाहून अधिक काळ या पेशी म्हणजे चेतापेशींना आधार व पोषण देणाऱ्या सेविका, एवढेच बहुतेकांनी मानले. याचे कारण उघड होते. शास्त्रज्ञ विजेची स्पंदने टिपत होते, आणि या पेशी तशी स्पंदने देतच नव्हत्या.

१९८० च्या दशकात रॉजर त्सिएन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅल्शियमशी संयोग होताच चमक बदलणारी रंगद्रव्ये तयार केली. ती हाती आल्यावर, १९९० मध्ये, अमेरिकेतील येल विद्यापीठात अ‍ॅन कॉर्नेल-बेल, स्टीफन स्मिथ आदींनी काचपात्रात वाढवलेल्या ताऱ्याच्या आकाराच्या ग्लिया पेशींना, म्हणजे तारकापेशींना, ग्लुटामेट दिले. चेतापेशी संदेशासाठी वापरतात तेच हे रसायन. पाहतात तो पेशीत कॅल्शियम उसळले आणि त्याची लाट शेजारच्या पेशींत पसरत गेली!

हे घडते कसे? पेशीरसात कॅल्शियम बाहेरच्या मानाने सुमारे दहा हजारपट कमी असते. पेशीतील एका जालिकेत मात्र त्याचा साठा असतो. ग्लुटामेटचा निरोप पोहोचताच त्या साठ्याची दारे उघडतात. चेतापेशीतील स्पंदन सेकंदाला कित्येक मीटर धावते. ही लाट सेकंदात मिलिमीटरचा पन्नासावा भागही जेमतेम कापते. १९९४ मध्ये आणखी पुढचे दिसले. कॅल्शियम वाढलेल्या तारकापेशी चेतापेशींना उलट उत्तरही देतात.

तथापि वाद मिटला नाही. २०१० मध्ये एका गटाने तारकापेशीतील कॅल्शियमचे चढउतार रोखले, तेव्हा स्मृतीशी निगडित असलेले चेतासंधीचे बळकट होणे थांबले. डी-सेरीन हे द्रव्य पुरवताच ते पुन्हा सुरू झाले. त्याच वर्षी दुसऱ्या गटाला, साठ्याची ती दारेच नसलेल्या उंदरांत, असा काहीही फरक आढळला नाही. पुढे २०२३ मध्ये दिसून आले की, ग्लुटामेट सोडण्याची सामग्री सर्वच तारकापेशींत नसून काही थोड्यांतच आहे. एवढी मतभिन्नता का झाली, याचा थोडा उलगडा त्यातून होतो.

विद्यार्थी मित्रहो, या पेशी मुक्या नव्हत्या. त्यांची बोली टिपणारे साधन आपल्याकडे नव्हते. शिक्षकांनो आणि पालकांनो, मागच्या बाकावरच्या अबोल मुलाला किंवा मुलीला 'मठ्ठ' म्हणण्यापूर्वी एवढे अवश्य स्मरा. कदाचित आपली परीक्षाच एका भाषेपुरती असेल. दुसरी भाषा शोधणे हे इल्मचे काम आहे, आणि या संस्थेचेही.