तंबू शिवणारी माणसं



ख्रिस्ती धर्म मुळात उभा कोणी केला, हा वाद विद्वानांमध्ये जवळजवळ दोनशे वर्षं चालू आहे. नाझरेथच्या येशूने, की येशूच्या हयातीत त्याच्या शिष्यांमध्ये नसलेल्या पौलाने? 1831 साली जर्मनीतल्या ट्यूबिंगनच्या फर्डिनांड बाउर यांनी मांडलं, की पहिल्या पिढीतच दोन तट पडले होते. एक येशूचा शिष्य पेत्र याचा, यहुदी नियमशास्त्राला धरून राहणारा. दुसरा पौलाचा, परजातीयांना म्हणजे यहुदी नसलेल्यांना दार उघडणारा. 1904 मध्ये विल्यम व्रेडे यांनी तर पौलाला ख्रिस्ती धर्माचा दुसरा संस्थापकच म्हटलं. पुढे काहींनी येशूचा भाऊ याकोब याची बाजू उचलून धरली. आणि हल्ली मोबाइलवर फिरणारं उत्तर म्हणजे सम्राट कॉन्स्टंटाइन: त्याने म्हणे 325 साली निकियाच्या परिषदेत बायबल ठरवलं. हे साफ चूक आहे. त्या परिषदेतला मोठा वाद पिता आणि पुत्र यांच्या नात्याचा होता. तिच्या ठरावांत बायबलमधल्या पुस्तकांची यादीच नाही.

मी सुरतच्या पांडेसऱ्यात राहतो. आमच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत डाईंग-प्रिंटिंगच्या मिल आहेत. ग्रे कापड आत येतं, जेटमध्ये रंगतं, स्टेंटरवर ताणून सुकतं. आसपासच्या खोल्यांत खानदेशातून आलेल्या बाया साड्यांना टिकल्या लावतात, धागे कापतात आणि नगावर पैसे घेतात. या वस्तीत राहून बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक वाचायला घेतलं, की माझी नजर मोठ्या नावांवरून घसरते आणि धंद्यांवर जाऊन थांबते.

अठराव्या अध्यायात पौल करिंथला येतो आणि एका जोडप्याकडे कामाला राहतो. नवरा अक्विला, काळ्या समुद्राकाठच्या पंत प्रांतातला. बायको प्रिस्किल्ला. दोघं रोममध्ये राहत होती. साधारण 49 साली क्लौद्य बादशहाने यहुद्यांना तिथून हुसकावलं तेव्हा करिंथला आली. धंदा तिघांचा एकच, तंबू करण्याचा. तंबू चामड्याचे की जाड कापडाचे, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पाठ मोडायची ती दोन्हींत सारखीच. रोनाल्ड हॉक या अमेरिकन अभ्यासकाने 1980 साली लिहिलेल्या पुस्तकात म्हटलं आहे, की पौलाचं बरंचसं बोलणं कामाच्या जागीच, हात चालू असताना झालं असावं. मला हे पटतं. हे जोडपं पुढे इफिसला गेलं, नंतर पुन्हा रोमला. दोन्ही शहरांत ख्रिस्ती मंडळी त्यांच्या घरी जमत असे. पोटापाण्यासाठी बिऱ्हाड हलवत गेलेल्या या दोघांना कोणत्याही वादात संस्थापकाचा मान मिळालेला नाही.

सोळाव्या अध्यायात लुदिया भेटते. फिलिप्पै शहरात ती जांभळं कापड विकायची, पण गाव तिचं थुवतीरा, आजच्या तुर्कस्तानातलं अखिसार. तिथे सापडलेल्या शिलालेखांत रंगाऱ्यांच्या संघाचा उल्लेख आहे. अस्सल जांभळा रंग समुद्री गोगलगायींपासून निघे आणि थोड्याशा रंगाला हजारो गोगलगायी लागत. मंजिष्ठेच्या मुळ्यांपासून स्वस्तातला रंगही काढत. लुदियाच्या घरात फिलिप्पैची पहिली मंडळी जमली. ती गरीब नव्हती, हे सांगायलाच हवं. वेन मीक्स यांनी 1983 साली दाखवून दिलं, की या मंडळ्यांत वेगवेगळ्या थरांतली माणसं होती. पण दुसऱ्या शतकात सेल्सस नावाच्या तत्त्वज्ञाला या धर्माची हेटाळणी करायची होती, तेव्हा त्याने बोट दाखवलं ते लोकरीचं काम करणाऱ्यांकडे, चांभारांकडे, परटांकडे. विरोधकाने दिलेली ही साक्ष मला फार मोलाची वाटते.

पौलाचं मोठेपण मी नाकारत नाही. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात तो अंत्युखियातलं भांडण सांगतो. तिथे यहुदी आणि परजातीय एका पंगतीला जेवत. पेत्रही त्यांच्यात बसे. मग याकोबाकडून माणसं आली आणि पेत्र बाजूला होऊ लागला. पौलाने त्याला सगळ्यांदेखत सुनावलं. पंक्तिभेद ज्यांच्या घराण्यांनी सोसला, त्यांना या भांडणाचं वजन वेगळं सांगायला नको. मात्र ही हकीकत एकट्या पौलाची आहे. पेत्राची बाजू आपल्या हाती नाही. याकोबाला 62 साली यरुशलेमेत ठार मारलं, 70 साली रोमनांनी ते शहरच उद्ध्वस्त केलं आणि तिथल्या मंडळीचा आवाज क्षीण झाला. पौलाची पत्रं टिकली. आज तो एवढा मोठा दिसतो, त्यात या टिकण्याचाही वाटा आहे.

धर्म कोणता आणि तो ठरवायचा कोणी, हा या वादामागचा प्रश्न मराठीत सर्वांत नेटाने विचारला तो पंडिता रमाबाईंनी. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढच्या काही वर्षांत तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्रांतून वाद झाला: त्रैक्याचा सिद्धान्त चर्च सांगतं म्हणून मानायचा, की ख्रिस्ताची वचनं स्वतः वाचून ठरवायचं? क्रूसावर लॅटिन शब्द असावेत, हेही रमाबाईंना पटेना. आपल्या देशाची संस्कृत का चालू नये, असं त्यांचं म्हणणं. पुढे त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावच्या मुक्ती सदनात बसून बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी मुळावरून केलं. मधल्या दलालांना दूर सारून थेट मुळाशी जाणारी ही बाई मला बाउर-व्रेडे यांच्या तोडीची वाटते.

शेवटी प्रिस्किल्लेकडे येतो. अपुल्लोस हा आलेक्सांद्रियाचा मोठा विद्वान वक्ता. त्याला या जोडप्याने घरी नेऊन शिकवलं. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत या ठिकाणी प्रिस्किल्लेचं नाव आधी येतं. नंतरच्या बऱ्याच हस्तलिखितांत क्रम उलटला आणि नवरा पुढे आला. 1900 साली आडोल्फ हार्नाक यांनी तर्क मांडला, की ‘इब्री लोकांस पत्र’ हे लेखकाचं नाव नसलेलं पत्र तिनेच लिहिलं असावं. त्याला पुरेसा पुरावा नाही, म्हणून मी तो दावा करत नाही. पण अपुल्लोसाला धडे देणारी बाई तंबूच्या धंद्यातली होती, एवढं तर ‘कृत्यां’च्या अठराव्या अध्यायातच आहे, आणि संस्थापक शोधणाऱ्यांनी ते वाचायला हवं होतं.