पाच वॅटचा छंद



नोकरी आणि घर सांभाळून हॅम रेडिओला वेळ कसा मिळतो, असं बऱ्याच जणींनी विचारलं. मिळतो, कारण माझा पसारा लहान आहे.

बरेच हॅम १०० वॅट शक्तीनं बोलतात. मी ५ वॅट वापरते. घरातला साधा एलईडी दिवासुद्धा ९ वॅटचा असतो. यंत्र जेवणाच्या डब्याएवढं, वर एक बॅटरी. २० मीटर बँडसाठी अँटेना म्हणून १० मीटर तार पुरते. रविवारी सकाळी वेताळ टेकडीवर फिरायला गेले की घडीच्या काठीवर तार चढवते आणि मोर्समध्ये हाक देते. लहरी २००-४०० किलोमीटर उंचीवरच्या आयनांबरातून वळून दूर देशी उतरतात. कधी उत्तर येतं, कधी तासभर काहीच नाही. मग चहा पिऊन घरी.

कमी शक्तीत दुसऱ्यावर ओरडता येत नाही. आधी ऐकायचं, मोकळी जागा शोधायची, मगच बोलायचं. दिवसभर मीटिंगांमध्ये बोलणाऱ्या मला हे फार गरजेचं होतं.

शाळेत माझा आवाज तिसऱ्या बाकापर्यंतही पोचत नसे. बाई, तुम्ही वर्ग शांत करायचात आणि मला बोलू द्यायचात. पलीकडचा हॅम माझा क्षीण सिग्नल लक्षपूर्वक टिपतो, तेव्हा तुमची आठवण येते.

परवान्यासाठी सरकारी परीक्षा असते. इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. कुणाला शिकायचं असेल तर टेकडीवर या, चहा माझ्याकडून!

आमच्या भाषेत निरोप घेताना ‘७३’ म्हणतात, म्हणजे मनःपूर्वक शुभेच्छा. सर्वांना ७३!