टेलिफोनवरचा दिवा आणि टपालातला निरोप



कार्यक्रमपत्रिकेवर माझा विषय वाचून काही मंडळींना नवल वाटले असेल. पगार, बोनस, महागाई हे आम्हां युनियनवाल्यांचे नेहमीचे पाढे. मग हा गृहस्थ टेलिफोनच्या गोष्टी का सांगतो आहे? परंतु ज्या यंत्राच्या आधारे साहेब कारकुनाला जाब विचारतो, ते यंत्र कसे चालते हे कारकुनाला ठाऊक असलेच पाहिजे, असे माझे मत आहे. माझे शाळेतले शिक्षण नववीला थांबले. पुढचे जे आले ते युनियनच्या खोलीत, तंत्रज्ञ पोरांना प्रश्न विचारून विचारून आले. तेव्हा मी सांगतो ते अवघड नसणार. मला समजले, हाच त्याचा पुरावा.

कचेरीतल्या मेजावरचा टेलिफोन आपण सगळ्यांनी पाहिला आहे. माणूस जागेवर नसला की फोन करणारा आपला निरोप बोलून ठेवतो. याला व्हॉइसमेल म्हणतात. तारेवर आवाज धरून ठेवण्याची युक्ती डेन्मार्कच्या वाल्डेमार पौलसेन यांनी १८९८ साली काढली. मोठ्या कंपनीतल्या सगळ्यांचे निरोप एकाच यंत्रात साठविण्याच्या योजनेला अमेरिकेत गॉर्डन मॅथ्यूज यांना १९८३ साली पेटंट मिळाले. निरोप आला की फोनवर तांबडा दिवा लागतो, ऐकला की विझतो. आपल्याकडे घरोघर हे रुजले नाही. आपण मिस्ड कॉल देणारी माणसे! पण विमा, बँका आणि परदेशी कंपन्यांच्या कचेऱ्यांत ते पुष्कळ आले.

मग ईमेल आले, आणि एकाच माणसाला दोन पेट्या सांभाळाव्या लागल्या. म्हणून आवाजाचा निरोप ईमेलला जोडून पाठविण्याची सोय निघाली. टेलिफोनचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजतात आणि प्रत्येक मोजमापाला एक बाइट खर्ची पडतो. म्हणजे एका मिनिटाच्या निरोपाला ४,८०,००० बाइट लागले. इंग्रजी अक्षरांत मोजाल तर ही चांगली जाडजूड कादंबरी झाली, आणि आतला मजकूर काय, तर ‘फाइल घेऊन वर या’! तोच आवाज दाबून पाचव्या हिश्शावर आणता येतो, ही गोष्ट वेगळी.

खरी अडचण पुढेच आहे. घरात कॅलेंडरवर आपण दुधाच्या खुणा करतो आणि दूधवाला आपल्या वहीत करतो. एका वहीत खाडा लिहिला आणि दुसरीत राहिला, की महिनाअखेरीस भांडण ठरलेले. येथेही तेच होते. ईमेलमध्ये निरोप ऐकून पुसून टाकला, तरी फोनवरची प्रत तशीच राहते आणि दिवा जळतच राहतो. दोन्ही वह्या आपोआप जुळत्या ठेवणे, याला सिंक करणे म्हणतात. त्याहून बरा मार्ग म्हणजे वही एकच ठेवावी आणि दोघांनी तीत पाहावे. आयमॅप नावाची पद्धत स्टॅनफर्डच्या मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ साली सुरू केली ती याच विचाराची: पत्र सर्व्हरवरच राहते आणि ‘पाहिले’ ही खूणही तेथेच राहते. नवे निरोप किती आणि जुने किती हे फोनला कळवून दिवा लावण्या-विझविण्याची एक सर्वमान्य रीतही २००४ साली ठरली.

आता नीट लक्ष द्या. खूण आहे ती ‘पाहिले’ अशी; ‘ऐकले’ अशी नव्हे.

एका विमा कचेरीत आमच्या एका सभासद बाईंना मेमो मिळाला. शनिवारी सायंकाळी साहेबांनी निरोप ठेवला होता, की रविवारी कामावर यावे. बाई आल्या नाहीत. नोंदीत ‘सात बावन्न, वाचले’ असे होते. सबब निरोप कळूनही त्यांनी हुकूम मोडला, असा आरोप. बाई मला म्हणाल्या, “दादा, मी आवाज ऐकलाच नाही हो. मोबाइलवर दुसरे पत्र शोधताना हे उघडले गेले असेल.” चौकशीत मी वाद घातला नाही. चौकशी अधिकाऱ्यांना म्हटले, साहेब, येथेच करून पाहू. त्यांनी स्वतः बाईंच्या फोनवर निरोप ठेवला. दिवा लागला. बाईंनी मोबाइलवर ते पत्र नुसते उघडले. जोडलेल्या आवाजाला बोटही लावले नाही. दीड मिनिट आम्ही सगळे त्या दिव्याकडे बघत बसलो होतो. आणि दिवा विझला! मेमो मागे घेतला गेला.

उलट प्रकारही घडतो. पुष्कळ ठिकाणी ही जोडणी जपून ठेवलेल्या नाव-पासवर्डावर चालत असे. ऑक्टोबर २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने आपल्या क्लाउड टपालात ती जुनी पद्धत बंद करायला घेतली. ज्या कचेरीने जोडणी वेळेत बदलली नसेल, तेथे दोन वह्यांचा संबंध तुटलाच समजा. अशा वेळी ईमेलमध्ये निरोप दिसला नाही, एवढ्यावरून निरोप आलाच नाही असे कोणी म्हणू नये, आणि कामगारानेही त्यावर विसंबू नये.

मी या सोयीच्या विरुद्ध नाही. गावोगाव फिरणाऱ्या विक्रेत्याला कचेरीत फोन लावून आकडे दाबत बसावे लागत नाही. ज्याला कमी ऐकू येते त्याला निरोपाचा लेखी मजकूर मिळू शकतो, हे तर मोठेच काम आहे. माझी तक्रार निराळी आहे. मेजावरचा दिवा कचेरीला कुलूप लागले की मागे राहत असे. आता तो खिशात आला. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे मुंबईच्या गिरणी कामगाराला १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. तो रविवार कोणी मागून नेलेला नाही. एकेका निरोपाने तो कुरतडला जात आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून, पन्नास किंवा अधिक कामगारांच्या कंपन्यांना, कामाबाहेरच्या वेळी फोन-ईमेलपासून मोकळे राहण्याच्या हक्कावर कामगारांशी बोलणी करावी लागतात. आपल्या लोकसभेतही खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली तसे खासगी विधेयक मांडले. त्याचा कायदा झाला नाही.

म्हणून आम्ही कायद्याची वाट न पाहता त्या विमा कचेरीत करारच मागितला. ‘वाचले’ या नोंदीवरून कोणावर कारवाई करायची नाही, हे मान्य झाले. सुट्टीच्या दिवशीचे बोलावणे माणसाशी प्रत्यक्ष बोलूनच द्यायचे, हेही झाले. किल्लीच्या प्रश्नावर मात्र बरीच खडाजंगी उडाली. दोन पेट्या जुळविण्यासाठी कित्येक व्यवस्थांत एकच सेवा-खाते असते आणि ते सगळ्यांच्या पेट्या उघडू शकते. ते कोणाच्या हाती आहे, हे आम्हांला लेखी हवे होते. युनियनच्या प्रतिनिधीला सभासद जे सांगतात ते काही साहेबांसाठी नसते. अखेर दोघांची नावे मिळाली, आणि खाते वापरल्याची नोंद दर महिन्याला दाखविण्याचे ठरले. निरोप किती दिवस साठवायचे, हे कलम अजून लोंबकळते आहे. व्यवस्थापन सात वर्षे म्हणते, आम्ही नव्वद दिवस म्हणतो. पुढची बैठक येत्या मंगळवारी आहे.