लोहित : अक्षरांचा जीर्णोद्धार



जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. ज्या भाषेचा तो उत्सव होता, तिची अक्षरे संगणकावर कोण घडवतो, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

'लोहित' हा मुक्तस्रोत फाँटसंच. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने मूळ अक्षरे पुरविली. रेडहॅटने २००४ साली तो सर्वांना खुला केला. हिंदी, मराठी, कोंकणी, नेपाळी यांचे फाँट निरनिराळे असल्याने एकातील दुरुस्ती दुसऱ्यात पोहोचत नसे. पुढे ते 'लोहित देवनागरी'त एकवटले. 'लोहित २'मध्ये तर जोडाक्षरांचे नियम साध्या मजकुराच्या रूपात नव्याने लिहिले गेले.

येथेच 'गिट'चे महत्त्व आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये निर्माण केलेली ही प्रणाली कोणती ओळ कोणी, केव्हा बदलली याची नोंद ठेवते. 'दऱ्या'मधील जोडाक्षर बिघडले, तर कोणत्या बदलाने बिघडले ते शोधता येते. शिवाय प्रत्येक प्रतीत संपूर्ण इतिहास असतो. लोहितचे जुने घर, 'फेडोरा होस्टेड', २०१७ मध्ये बंद झाले. काम मात्र इतिहासासह अन्यत्र सुरक्षित राहिले.

यवतमाळच्या कोलाम पोडांवरील कोलामी देवनागरीत लिहिताना एखादे अक्षर अडले, तर कोणाकडे अर्ज करीत बसण्याचे कारण नाही. पांढरकवड्याच्या विद्यार्थ्याने प्रत उतरवून घ्यावी, दुरुस्ती करावी, तपासणीस पाठवावी. जीर्णोद्धार अनेकांच्या हातांनी होतो. पहिला दगड मात्र कोणीतरी उचलावा लागतो.