जकात नाका गेला, गावचा नाका राहिला

(उरवड्यात देवळाच्या मंडपात गावकऱ्यांसमोर झालेलं हे बोलणं. रेकॉर्डिंगवरून उतरवताना तीच ती वाक्यं काढली आहेत, बाकी बोली तशीच ठेवली आहे.)

माईक जरा लांबच राहू द्या, माझा आवाज असाही मोठा आहे.

मला सांगितलं होतं की स्पर्धा कायद्यावर बोला. मी वकील नाही. मी टेम्पोवाला. २००३ साली सेकंड हँड ४०७ घेतला तेव्हापासून पिरंगुट-उरवडे पट्ट्यातल्या शेडचा माल वाहतोय. कायद्याची पुस्तकं मी गेल्या दोन वर्षांत वाचली, आणि ती का वाचावी लागली ते पुढे येईलच. पण सुरुवात मला जकातीपासून करायचीय.

इथल्या विशीतल्या पोरांनी जकात नाका बघितलेलाच नाही. पुण्याची हद्द लागली की नाका, पिंपरी-चिंचवडची लागली की दुसरा. ट्रक बाजूला लावायचा, बिलं घेऊन खिडकीवर जायचं. कारकून बिल बघणार, मालाची जात बघणार, टक्का लावणार. माल शहरात उतरवायचाच नसेल, नुसतं शहरातून पलीकडे जायचं असेल, तरी एस्कॉर्टचे पैसे भरून पावती घ्यायची, ती बाहेर पडताना दाखवायची. रात्री अकराला रांगेत लागलेला ट्रक पहाटे चारला सुटलेला मी पाहिलाय. आम्ही भोसरीहून येताना वाकड, हिंजवडी, माण, घोटावडे असा वळसा घेऊन यायचो, पुण्याच्या हद्दीत चाकच घालायचं नाही म्हणून. डिझेल जास्त जायचं, पण रात्र वाचायची.

ज्यांच्या शेडचं काम मी सगळ्यात जास्त केलं, त्या शेठचं नाव घेत नाही. ते भोसरी सोडून इथे आले त्याची दोन कारणं ते सांगायचे. जागा स्वस्त, आणि जकात नाही. लोखंडाचे बार कळंबोलीहून यायचे, निम्मा तयार माल कोल्हापूरला जायचा. मग मधल्या मध्ये महापालिकेला टक्का कशाला द्या? सगळे याच एका कारणाने आले असं मी म्हणणार नाही, पण जकातीने कारखाने हद्दीबाहेर ढकलले आणि त्यातले काही आपल्या भातखाचरांशेजारी येऊन बसले. म्हणजे जकातीने आपलं भलंही केलंय थोडं. हे विसरायचं नाही.

ती गेली कशी, ते थोडक्यात सांगतो. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये बंद झाली, महापालिकांची चालू राहिली. मग एलबीटी आला, पुणे आणि पिंपरी-चिंचवडला १ एप्रिल २०१३ पासून. नाका गेला पण हिशेबाची वही आली, म्हणून व्यापाऱ्यांनी बंद पाळले. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतल्या उलाढालीला एलबीटी माफ झाला. मुंबईची जकात मात्र थेट १ जुलै २०१७ ला, जीएसटी आला तेव्हाच गेली. आता महापालिकांना त्या बदल्यात राज्य सरकार भरपाई देतं. पालिकेचा स्वतःचा गल्ला गेला आणि वरून येणाऱ्या हप्त्याकडे बघत बसायची वेळ आली, हे दुखणं खरं आहे. पण टेम्पोवाल्याला विचाराल तर तो नाका परत आणा असं कधीच म्हणणार नाही.

जुन्या माणसांना त्याच्या आधीची धान्याची जिल्हाबंदी आठवत असेल. आपलाच तांदूळ, पण हद्दीपलीकडे न्यायचा तर परवाना हवा. केंद्राने २००२ मध्ये आदेश काढून धान्याच्या ने-आणीवरची अशी बंधनं उठवली. बघा, देश १९४७ ला स्वतंत्र झाला, राज्यघटनेच्या ३०१ व्या कलमात लिहिलंय की भारतभर व्यापार आणि दळणवळण मुक्त राहील, आणि पोत्याला मोकळं व्हायला २००२ उजाडलं.

त्या ३०१ कलमाचीही एक गंमत आहे. त्याच्या पुढच्याच कलमांत सरकारला बंधनं घालायची मुभा दिलीय. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये सांगितलं की राज्याने बाहेरून येणाऱ्या मालावर प्रवेश कर लावला म्हणजे लगेच व्यापाराचं स्वातंत्र्य मोडलं असं नाही. बाहेरच्या आणि आतल्या मालात भेदभाव केला तर मोडलं. मला यातला भेदभाव हा शब्द महत्त्वाचा वाटतो. आणि दुसरं म्हणजे हे कलम सरकारला बांधतं. रस्त्यात आडवा उभा राहिलेल्या तुम्हाआम्हाला ते बांधत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. इथे थोडी चुळबुळ होणार आहे, ती होऊ द्या.

(हशा)

जकात गेली आणि नाका आपण उभा केला. एकट्या आपल्या पट्ट्याचं म्हणत नाही, राज्यातल्या बऱ्याच औद्योगिक भागांत हे चालतं. गावात कंपनी आहे तर गाडी गावचीच लागली पाहिजे, भंगार गावच्याच माणसाने उचललं पाहिजे, दर आपण सांगू तोच. मी यात नव्हतो असं म्हटलं तर इथेच कोणीतरी चप्पल काढेल. आम्ही चौदा गाडीवाले होतो. संघटनेचा कागद नाही, शिक्का नाही, पण बैठक व्हायची. हे बघा, हे आमचं दरपत्रक. लॅमिनेट केलेलं, मी जपून ठेवलंय. चाकण एवढे, रांजणगाव एवढे, कोल्हापूर एवढे. याच्या खाली कोणी जायचं नाही. तेव्हा मला याचा अभिमान वाटायचा, की बघा, आपण एक झालो.

एकदा काय झालं, शेठच्या शेडवर कोल्हापूरकडची एक गाडी रिकामी परत जाणार होती. तो ड्रायव्हर आमच्या दरापेक्षा बराच कमी घ्यायला तयार, कारण त्याला नाहीतरी तिकडेच जायचं होतं. आम्ही सहा-सात जण गेटवर जाऊन बसलो. मारहाण नाही, शिवी नाही, नुसते बसलो. त्याने दुपारी गाडी लावली ती रात्रभर तशीच. पहाटे तो रिकामाच गेला. जाताना मला म्हणाला, ‘दादा, पूर्वी जकात नाक्यावर थांबायचो, पण निदान पावती मिळायची.’

हे वाक्य मी बरीच वर्षं डोक्यात घेऊन फिरतोय.

तर कायदा काय म्हणतो? आधी १९६९ चा एमआरटीपी कायदा होता. त्याच्या जागी स्पर्धा कायदा आला २००२ चा, पण त्यातली संगनमताविरुद्धची कलमं लागू व्हायला मे २००९ उजाडला. तिसरं कलम सांगतं की एकाच धंद्यातल्या लोकांनी मिळून दर ठरवले किंवा गिऱ्हाईक, इलाका वाटून घेतला, तर तो करार स्पर्धेला मारकच धरला जाईल. करार लेखी असायलाच हवा असंही नाही, समजूत पुरते. म्हणजे आमचं हे लॅमिनेट केलेलं कार्ड! लोक पुरावा लपवतात, आम्ही तो छापून घेतला. दंड किती, तर नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या दहा टक्के, यातलं जे जास्त असेल तिथपर्यंत.

ट्रकवाल्यांवर खरंच असं झालंय का? झालंय. पंजाबात किरतपूर साहिब म्हणून गाव आहे. तिथल्या ट्रकवाल्यांच्या संस्थेविरुद्ध एका व्यावसायिकाने तक्रार केली, की आमच्याशिवाय दुसऱ्या गाड्यांना इथे माल भरू देत नाहीत. स्पर्धा आयोगाने २०१५ मध्ये संस्थेविरुद्ध निकाल दिला. पुढे २०१७ मध्ये पंजाब सरकारने मालवाहतुकीतली अशी मक्तेदारी रोखायला वेगळे नियमच केले.

२०२३ मध्ये स्पर्धा कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. पेपरात आलं ते दोन हजार कोटींच्या वरच्या व्यवहारांचं, कंपन्यांच्या विलीनीकरणाचं. आपल्याला त्याचं काय? पण त्यात एक छोटी गोष्ट आहे. जो त्या धंद्यात नाही पण संगनमत जुळवून देण्यात भाग घेतो, तोही आता भागीदार धरला जाईल. म्हणजे ज्याची गाडी नाही, पण जो बैठक बोलावतो आणि दर गाडीमागे काहीतरी घेतो, तो. कोण ते तुम्हाला माहितीय, मी बोलत नाही. त्याच दुरुस्तीत असंही आलं की तक्रार तीन वर्षांच्या आत करायची. इथे मला राग येतो. आयोग दिल्लीत. सहा लेथ मशीनवाला शेठ कामं सोडून दिल्लीला अर्ज करणार, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गेटमधून आत जाणार? तीन काय, तेरा वर्षं दिली तरी तो करणार नाही. मोठ्यांसाठी दुरुस्ती बारीक विणलेली आहे, लहान्यांपर्यंत ती पोचतच नाही. त्यापेक्षा पंजाबसारखा साधा नियम आणि अर्ज घ्यायला जिल्ह्यातलाच अधिकारी, एवढं मला पुरेल.

(मागून: तात्या, जमिनी आमच्या गेल्या त्याचं काय? बाहेरच्याने येऊन भाडं खायचं?)

बरोबर विचारलंस. जमीन एकदाच विकली जाते, धूर आणि ट्रकची वर्दळ रोज असते. गावाने काम मागू नये असं मी म्हणतच नाही. गावची गाडी शेडपासून दोन किलोमीटरवर, अर्ध्या तासात हजर, ड्रायव्हर ओळखीचा. हा आपला खरा फायदा आहे, तो दरात दाखवा ना. चौघांनी मिळून गाड्या एकत्र चालवल्या, खर्च वाचवला, चांगली सेवा दिली, तर त्या एकत्र येण्याला कायदा आडवा येत नाही. दुसऱ्याची गाडी अडवली तिथे तो येतो. आणि हमालांच्या मजुरीचा विषय यात मिसळू नका. १९६९ चा माथाडी कायदा अंगमेहनतीच्या माणसाचं रक्षण करायला आलाय, अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून. ओझं न उचलता माथाडीच्या नावावर पैसे मागणारा हा वेगळाच प्राणी आहे, आणि त्याने खऱ्या माथाडीचंही नाव घालवलं.

मी पुस्तकं का वाचली ते सांगायचं राहिलं. दोन वर्षांपूर्वी शेठनी मला चहाला बोलावलं. म्हणाले, तात्या, मी दुसऱ्या तालुक्यात जागा बघतोय. मला वाटलं पाण्याचा, विजेचा काही प्रश्न असेल. त्यांनी वही पुढे केली. वाहतुकीचा जादा खर्च लाल शाईने वेगळा मांडला होता, आणि वर शीर्षक काय लिहिलं होतं? ‘जकात’. ज्या माणसाने जकातीला कंटाळून भोसरी सोडली, त्याच्या वहीत तो शब्द उरवड्यात परत आला होता. त्यांच्या शेडमध्ये गावची अकरा पोरं कामाला आहेत. माझ्या भावाची सूनही तिथेच तपासणीला बसते.

अजून गेले नाहीत ते. मी त्यांना सांगितलंय की पुढच्या महिन्यापासून माझ्या दोन गाड्यांचा दर मी माझा देणार, कार्डावरचा नाही. त्यांना बाहेरचा स्वस्त वाटला तर बाहेरचा घेऊ देत, मी गेटवर बसणार नाही. चौदातले तिघे माझ्याबरोबर आहेत, पण त्यांनाही मी सांगितलंय की आपापला दर आपापला द्या, मला विचारू नका. बाकीचे बोलत नाहीत. माझा पुतण्या, गेल्या वर्षी कर्ज काढून गाडी घेतलेला, तो पहिल्या रांगेत बसलाय. हप्ता कसा भरू ते सांग काका, एवढंच विचारतो. मी त्याला कोल्हापूरहून येताना रिकामी न येणाऱ्या दोन पार्ट्या मिळवून दिल्यात. तिसरी शोधतोय.

आता तुम्ही विचारा. आधी तो विचारेल बहुतेक. ऊठ रे.