काळजाची राखण



आज यकृताच्या कर्करोगाविषयी बोलू. बोकडाची कलेजी आपण ओळखतो. तसाच अवयव आपल्या पोटात, उजव्या बरगड्यांखाली असतो. तेच यकृत. आतड्यांतून अन्नाचा रस घेऊन निघालेले रक्त आधी यकृतात येते. तिथे त्यातले विष निवडले जाते. यकृत म्हणजे शरीराचा राखणदारच, बरं का!

हा रोग मुकाट्याने वाढतो. पुढे भूक जाते, वजन घटते, डोळे पिवळे होतात, पोटात पाणी होते. क्वचित तो लहान आतड्यातही उतरतो. मग आतड्यात रक्त झिरपते, शौच डांबरासारखे काळे होते आणि माणूस फिका पडतो. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते. पण ते डॉक्टरांना ठरवू द्या. इतका पसरलेला रोग बरा होणे फार कठीण. म्हणून त्याच्या वाटा आधीच अडवाव्या.

पहिली वाट दारूची. वर्षानुवर्षे दारू पिऊन यकृत निबर होते. त्यात कर्करोग मूळ धरतो.

दुसरी वाट 'बी' काविळीची. ती दूषित रक्तातून, वापरलेल्या सुईतून, शरीरसंबंधातून, तसेच आईकडून बाळाला होते. बाळ जन्मल्यापासून २४ तासांच्या आत तिची लस टोचून घ्या. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते.

तिसरी वाट आपल्याच घरातली. भुईमुगाच्या शेंगा किंवा मका ओला राहिला, की बुरशी धरते. एका जातीच्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचे विष असते. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल जिल्ह्यांत बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. ते विष एकदम भिनले होते. थोडे थोडे रोज पोटात गेले, तर पुढे कर्करोगाची भीती असते. धुऊन, भाजून ते जात नाही.

आपण काय करतो? चांगल्या शेंगा बाजारात नेतो. काळा, कडवट दाणा घरच्या ठेच्याला ठेवतो. हा हिशेब उलटा आहे. दाणा टाकवत नाही, हे खरं. पण तो लेकरांना देऊ नका, दुभत्या जनावरालाही घालू नका. विष दुधात उतरते. शेंगा कडक उन्हात वाळवा, मगच कोरड्या जागी साठवा.

आणि कावीळ झाली, तर गळ्यात माळ घालून दिवस घालवू नका. धुळ्याला आणि जळगावला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. तिथे रक्त तपासून घ्या. दुखणे लवकर कळले, तर उपायाला जागा राहते.