दूरशिक्षणाची साधने आणि श्रोत्यांचे मंडळ

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेले व्याख्यान)



पन्नास वर्षे एकत्र नांदलेल्या मंडळासमोर शिक्षणाविषयी बोलावयाचे, तर आपल्या घरातील प्रश्नापासूनच आरंभ केला पाहिजे. आपली मुले मराठी समजतात, पुष्कळशी बोलतातही. परंतु मराठी पुस्तक हाती दिले की दुसऱ्याच पानावर अडखळतात. येथील शाळांत मराठी नाही आणि शिकविणारे घरोघरी मिळत नाहीत. अशा वेळी दुरून येणाऱ्या शिक्षणाचा आधार आपण कसा घ्यावा, याचा विचार आज करावयाचा आहे.

दुरून शिकविण्याचे जुने साधन म्हणजे टपाल. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. छापील पाठ घरी येत, विद्यार्थी उत्तरे लिहून पाठवीत आणि ती तपासून परत येत. वेळ लागे, पण आपले लिखाण कोणीतरी वाचीत आहे, हा भरवसा विद्यार्थ्याला असे.

त्याच्याही आधी, १९५६ साली, पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा गावकरी रेडिओभोवती जमत, अर्धा तास ऐकत आणि मग आपसांत चर्चा करीत. त्यांच्या शंका पुण्यास जात व उत्तरे पुढील कार्यक्रमांत येत. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूरथ यांनी या प्रयोगाची पाहणी केली. नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा श्रोतामंडळ असलेल्या गावांच्या ज्ञानात कितीतरी अधिक भर पडल्याचे तीत दिसून आले. यंत्र दोन्हीकडे होते. फरक पडला तो एकत्र बसण्याने.

पुढे साधने झपाट्याने बदलली. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे पाठ पोहोचले. तारेच्या जाळीची छत्री उभारून खेडी थेट उपग्रहाकडून चित्र घेत. सकाळी शाळकरी मुलांसाठी आणि संध्याकाळी साऱ्या गावासाठी कार्यक्रम असे. उपग्रह उसना होता. मुदत संपताच तो प्रयोगही संपला. १९८४ साली विद्यापीठ अनुदान मंडळाने दूरदर्शनवर देशव्यापी वर्ग सुरू केला. १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. २० सप्टेंबर २००४ रोजी खास शिक्षणासाठी एज्युसॅट अवकाशात गेला. त्याच्यामुळे दूरच्या वर्गातून शिक्षकाला प्रश्न विचारण्याची सोय झाली. २०१७ साली ‘स्वयं’च्या रूपाने अभ्यासक्रम संगणकावर आले. आणि २०२० च्या टाळेबंदीत तर घरोघरचा मोबाईल हीच शाळा झाली.

त्या दिवसांत आपण सर्वांनी पाहिले, की पडद्यावर पाठ चालू असे आणि मुलाचे चित्त भलतीकडेच असे. दोष मुलाचा नव्हता. एकट्याने ऐकायचे, विचारायचे कोणाला ठाऊक नाही आणि आपले चुकले ते सांगणारे कोणी जवळ नाही, अशा स्थितीत जाणती माणसेही कंटाळतात.

म्हणून आमचे निवेदन असे : मराठीचे पाठ आज दुरून सहज मिळू शकतात, उणीव आहे ती श्रोतामंडळाची. ती भरून काढणे आपल्या मंडळाच्या हाती आहे. दर रविवारी एक तास पाच-सहा घरांतील मुलांनी सभागृहात एकत्र बसून एक पाठ पाहावा. आजी-आजोबांपैकी कोणीतरी सोबत असावे. पाठ संपला की पडदा बंद करून त्यावर मराठीतच बोलावे. प्रत्येकाने चार ओळी हाताने लिहाव्यात आणि त्या वडीलधाऱ्यांनी प्रेमाने तपासाव्यात. अडलेली शंका शिकविणाऱ्याकडे धाडावी आणि तिचे उत्तर पुढच्या रविवारी सर्वांसमोर वाचावे.

याला मोठा निधी लागत नाही. लागतो तो नियम. गणेशोत्सव आणि नाट्यप्रयोग आपण पन्नास वर्षे नेटाने चालविले. परंतु पुढील पिढीला मराठी वाचता आले नाही, तर या स्मरणिकेची पाने तरी उघडणार कोण? हा एक तास आपण येत्या रविवारपासूनच राखून ठेवावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.